नोकरी सांभाळून ऑनलाइन अप्लाइड कॅल्क्युलस: जमेल का, हे कशावरून ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरी चालू आहे, गणित सुटून आठ-नऊ वर्षं झालीत, मॅनेजमेंटच्या डिग्रीसाठी सुरुवातीचा अप्लाइड कॅल्क्युलस कंपल्सरी आहे. ऑनलाइन घ्यावा की वर्गात बसून? आठ आठवड्यांची बॅच आहे आणि सोळा आठवड्यांचीही, लवकर उरकावं असं वाटतंय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "थोडे व्हिडिओ बघितले, सगळं समजलं, त्यामुळे फार अवघड नसावं."

आधी सरळ उत्तर देते. ऑनलाइन जमू शकतं, नोकरी सांभाळूनही जमतं, माझ्याकडे दर वर्षी असे बरेच जण पास होतात आणि चांगले होतात. पण तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचून मी जरा थबकले. मी हाच कोर्स वर्गातही शिकवते आणि ऑनलाइनही, आणि ऑनलाइनमध्ये जे गडगडतात त्यांच्यातले बहुतेक जण पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं हेच बोलत असतात, की व्हिडिओ समजतायत. व्हिडिओ समजतातच हो. आजकालचे व्हिडिओ इतके छान असतात की न समजणं अवघड आहे. पण समोरच्याने सोडवलेलं समजणं आणि कोरा कागद घेऊन आपण सोडवणं यात फरक आहे, गाडीत मागच्या सीटवर बसून रोज जाणाऱ्याला रस्ता पाठ झालाय असं वाटतं आणि एक दिवस स्टेअरिंग हातात आलं की पहिल्याच वळणाला विचारावं लागतं, तसं.

त्यामुळे "ऑनलाइन की वर्ग" हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरवर ठेवेन. पहिला प्रश्न, तुमचं बीजगणित आज कुठल्या अवस्थेत आहे. दुसरा, तुमच्या कागदावर कोणाची नजर पडणार आहे. तिसरा, आठवड्याचे किती तास खरोखर मोकळे आहेत. या तिन्हीची उत्तरं माणसागणिक बदलतात, म्हणून मी "घ्या" किंवा "घेऊ नका" असं एका ओळीत सांगत नाहीये, ठरवायचं कसं ते सांगते.

त्याआधी कोर्समध्ये असतं काय ते बघू, कारण कॅल्क्युलस म्हटलं की लोक उगाच घाबरतात. अप्लाइड कोर्समध्ये सिद्धता फारशा नसतात, एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) सहसा नसतंच, त्रिकोणमिती बऱ्याच ठिकाणी एकतर गाळलेली असते किंवा अगदी कमी. लिमिट थोडक्यात, मग डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती वेगाने बदलतेय ते, आलेखावर त्या बिंदूतला चढ), त्याचे नियम, मार्जिनल कॉस्ट आणि मार्जिनल रेव्हेन्यू (एक नग वाढवला तर साधारण किती वाढणारा खर्च आणि उत्पन्न), कमाल-किमान काढणं म्हणजे ऑप्टिमायझेशन, घातांकी वाढ आणि घट, लॉग, शेवटी इंटिग्रेशन (बदलाच्या वेगावरून एकूण काढणं) आणि त्याचे एक-दोन उपयोग, काही ठिकाणी दोन चलांची फंक्शनं आणि पार्शल डेरिव्हेटिव्ह. एवढंच. सिलॅबस आधी मागून घ्या म्हणजे त्रिकोणमिती आहे की नाही ते कळेल, असेल तर तयारी वेगळी करावी लागते.

एक गोष्ट मात्र आत्ताच तपासा. पुढे कधी इंजिनिअरिंग, फिजिक्स किंवा गणिताच्या अंगाने जाणारं इकॉनॉमिक्स करायचा विचार असेल तर हा कोर्स बहुतेक ठिकाणी पुढच्या कॅल्क्युलसची पायरी म्हणून धरत नाहीत, तिथे नेहमीचा कॅल्क्युलसच लागतो. आणि दुसऱ्या कॉलेजमधून ऑनलाइन घेणार असाल तर तुमचं कॉलेज त्याचे क्रेडिट मान्य करतं का, हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवर "हो चालेल" म्हणणाऱ्याचं नाव नंतर कोणाला आठवत नाही.

आता बीजगणित. खरं सांगायचं तर या कोर्समध्ये कॅल्क्युलसमुळे नापास होणारे मला फार कमी दिसलेत. मार्क जातात ते अपूर्णांकात, कंसात, ऋण चिन्हात आणि घातांकात. डेरिव्हेटिव्ह बरोबर काढलेलं असतं आणि पुढच्या ओळीत ते शून्याबरोबर मांडून एक्स काढताना सगळं वाहून जातं. तेव्हा फी भरायच्या आधी एक कागद घ्या, फोन बाजूला ठेवा आणि ही सहा गणितं करून बघा, नोट्स नाही, व्हिडिओ नाही.

एक, (एक्स + एच) चा वर्ग वजा एक्सचा वर्ग, या सगळ्याला एच ने भागा आणि सोपं रूप द्या. दोन, १/(एक्स + एच) − १/एक्स, एकाच छेदावर आणा. तीन, एक्सचं वर्गमूळ आणि ३ भागिले एक्सचा वर्ग, हे दोन्ही एक्सच्या घातात लिहा. चार, (२, ५) आणि (६, १३) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण. पाच, ई चा २टी वा घात बरोबर ५, तर टी किती. सहा, २ एक्स वर्ग − ७ एक्स + ३ = ० सोडवा.

उत्तरं देऊन ठेवते: पहिल्याचं २ एक्स + एच. दुसऱ्याचं −एच भागिले एक्स(एक्स + एच). तिसऱ्यात घात १/२, आणि ३ गुणिले एक्सचा −२ वा घात. चौथ्यात स्लोप (रेषेचा चढ) २, रेषा वाय = २ एक्स + १. पाचव्यात लॉग ५ (नॅचरल) भागिले २, म्हणजे ०.८० च्या आसपास. सहाव्यात ३ आणि १/२.

सगळी आली, थोडी गंजलेली वाटली तरी आली, तर ऑनलाइनला काही हरकत नाही. एक-दोन अडली पण उत्तर बघितल्यावर "अरे हो" झालं तर दोन-तीन आठवडे फक्त बीजगणिताला द्या आणि मग कोर्स सुरू करा. तीन किंवा जास्त ठिकाणी सुरुवातच सुचली नाही, तर मी म्हणेन या टर्मला प्रीकॅल्क्युलस किंवा कॉलेज अल्जेब्रा घ्या, एक टर्म उशीर झाला तरी चालेल, कारण कोर्समध्ये हे शिकवायला कोणी थांबत नाही आणि ऑनलाइनमध्ये तर नाहीच नाही. विशेषतः दुसरं गणित बघा. डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येपासून १/एक्स चं डेरिव्हेटिव्ह काढताना हीच पायरी येते, आणि पहिल्या परीक्षेत निम्मा वर्ग तिथे अडकतो. लिमिटची कल्पना त्यांना समजलेली असते, अपूर्णांकांची वजाबाकी येत नसते.

हे पटावं म्हणून एक पूर्ण उदाहरण घेते, तुमच्याच विषयातलं. समजा एक्स नग बनवायचा खर्च रुपयांत आहे ५०० + २० एक्स + ०.१ एक्स वर्ग. आणि एक्स नग खपवायचे असतील तर किंमत ठेवावी लागते १२० − ०.५ एक्स. जास्तीत जास्त नफा किती नगांवर?

व्हिडिओत हे चार मिनिटांत होतं. कागदावर काय काय लागतं बघा. आधी किंमतीला नगांनी गुणून उत्पन्न: १२० एक्स − ०.५ एक्स वर्ग. मग नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, आणि इथे पहिला बळी जातो, कारण खर्चाच्या तिन्ही पदांची चिन्हं बदलायची असतात आणि लोक फक्त पहिल्याचं बदलतात. नीट केलं तर नफा येतो १०० एक्स − ०.६ एक्स वर्ग − ५००. डेरिव्हेटिव्ह १०० − १.२ एक्स. शून्याबरोबर मांडा, एक्स = ८३.३३. यातला कॅल्क्युलस कुठला होता? एक ओळ. बाकी सगळं वाचणं, मांडणं आणि बीजगणित.

आणि गणित अजून संपलेलं नाही. ८३.३३ नग कोणी बनवत नाही, म्हणून ८३ आणि ८४ दोन्हीवर नफा काढून बघायचा, ८३ ला ३६६६.६ येतो आणि ८४ ला ३६६६.४, म्हणून ८३. तपासणाऱ्याला हे हवं असतं. ज्याने नुसतं ८३.३३ लिहून सोडलं त्याला नियम आला, पण प्रश्न काय होता ते तो विसरला.

याच गणिताशी अजून थोडं खेळायला मी नेहमी सांगते, कारण अप्लाइड कोर्सचं सार इथे आहे. उत्पन्नाचं डेरिव्हेटिव्ह १२० − एक्स, म्हणजे सगळ्यात जास्त उत्पन्न १२० नगांवर. पण १२० वर नफा काढा, २८६० येतो. म्हणजे विक्री वाढवत नेली आणि नफा आठशेहून जास्त घसरला. आता उलट बाजूने, ८० नगांवर नफा ३६६० आणि ८७ वर ३६५८.६. कमाल बिंदूच्या आसपास चार-सहा नग इकडेतिकडे झाले तरी नफ्यात जवळपास काही फरक पडत नाही, कारण तिथे स्लोपच शून्याजवळ आहे, आलेख माथ्यावर सपाट असतो. मॅनेजमेंटवाल्याला पुढे कामाला येणारी गोष्ट ही आहे, आणि ती ८३ हा आकडा डब्यात टाइप करून "बरोबर" असा हिरवा टिक मिळाल्यावर कोणाला दिसत नाही.

हा हिरवा टिक म्हणजे ऑनलाइन कोर्सची सगळ्यात मोठी अडचण आहे असं माझं मत आहे. वर्गात शिकवताना मी मुलं गणित करत असताना बाकांमधून फिरते आणि उत्तराकडे बघतच नाही, पेन कुठे थांबतंय ते बघते. कोणी (एक्स + एच) चा वर्ग म्हणून नुसता एक्स वर्ग + एच वर्ग लिहिलं की तिथल्या तिथे बोट ठेवता येतं. ऑनलाइन होमवर्कच्या सॉफ्टवेअरला फक्त शेवटचा डबा दिसतो. त्यात बहुतेक ठिकाणी पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतात आणि शेजारी "असंच उदाहरण दाखवा" असं बटण असतं, ते दाबलं की आकडे बदललेलं तेच गणित पायरी पायरीने सोडवून मिळतं. मग माणूस काय करतो, रात्री अकरा वाजता, डेडलाइन बाराची, समोर नमुना उघडून आपले आकडे त्यात बसवतो. होमवर्कला पंच्याण्णव टक्के. परीक्षेत नमुना नसतो. मग मला मेल येतो, "मॅडम होमवर्क तर सगळं बरोबर होतं." होतंच की, फक्त ते गणित त्यांनी केलेलं नव्हतं, आकडे भरले होते.

ते बटण वापरूच नका असं मी म्हणणार नाही, शिकायला ते चांगलं आहे. पण वापरलं की त्या गणितावर कागदात खूण करा आणि दुसऱ्या दिवशी तेच गणित बटणाशिवाय, कोऱ्या पानावर पुन्हा करा. आलं तर खूण पुसा. हा एक नियम पाळणाऱ्यांचे होमवर्क आणि परीक्षेचे मार्क जवळजवळ सारखे येतात, माझ्या वर्गांत तरी मला हे वर्षानुवर्षं दिसतंय.

यामागे नुसता माझा अनुभव नाहीये. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक गाजलेला प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. तो प्रयोग साध्या उताऱ्यांवर होता, गणितावर नव्हता, त्यामुळे जसाच्या तसा लावू नका, पण त्यातली पाच मिनिटांची गोष्ट लक्षात ठेवा. व्हिडिओ संपल्यावर जे "समजलं" वाटतं ना, ते पाच मिनिटांनंतरचं असतं.

मग आठवडा कसा लावायचा? मी ऑनलाइनवाल्यांना उलट्या क्रमाने सुरुवात करायला सांगते. आधी त्या भागातली शेवटची दोन-तीन गणितं नुसती वाचा, येणार नाहीत, हरकत नाही, पण व्हिडिओ कशासाठी बघतोय ते कळतं. मग व्हिडिओ लावा, उदाहरण मांडून झालं की पॉज करा आणि पुढची ओळ स्वतः लिहा, मगच प्ले. वीस मिनिटांच्या व्हिडिओला यात पाऊण तास लागतो, लागू दे. दीडपट स्पीडवर बघून वेळ वाचवणारे माझ्याकडे खूप आहेत, त्यांचा वेळ वाचतो आणि टर्म जाते. रोज थोडं करा, रविवारी एकदम सहा तास बसणाऱ्याला पुढच्या रविवारपर्यंत चेन रूल (फंक्शनच्या आत फंक्शन असेल तेव्हा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) नव्याने भेटतो.

चेन रूलवरून आठवलं, त्याला जरा जास्त वेळ ठेवा. (३ एक्स वर्ग + १) चा पाचवा घात, याचं डेरिव्हेटिव्ह विचारलं की ५ गुणिले कंसाचा चौथा घात इथपर्यंत सगळे येतात, आतल्या कंसाचं ६ एक्स गुणायचं राहतं. उत्तर ३० एक्स गुणिले कंसाचा चौथा घात. हा नियम हाताला बसला नाही तर पुढे घातांकी फंक्शनं, लॉग, आणि इंटिग्रेशनमधलं सब्स्टिट्यूशन, सगळीकडे रडवतो. बाकी नियम एका बैठकीत होतात, याला आठवडाभर रोज पाच-सहा गणितं द्या.

चिन्हांचाही एक घोळ ऑनलाइनवाल्यांच्या वाट्याला जास्त येतो. व्हिडिओत डीवाय बाय डीएक्स, पुस्तकात एफ प्राइम, होमवर्कमध्ये तिसरंच काहीतरी. वर्गात एकच शिक्षक एकच पद्धत वापरतो, ऑनलाइन तुम्ही चार ठिकाणांहून शिकता. गोष्ट एकच आहे, पहिली पद्धत लायब्निझची, त्याने १६८४ मध्ये छापलेल्या लेखापासूनची, दुसरी लाग्रांजने नंतर रूढ केलेली. पहिल्या पानावर दोन्ही शेजारी लिहून ठेवा आणि विसरा.

आता दुसरा प्रश्न, कागदावर नजर कोणाची. ऑनलाइन कोर्समध्ये ती नजर तुम्हाला स्वतः मिळवावी लागते, आपोआप मिळत नाही. शिक्षकांचे ऑनलाइन ऑफिस अवर्स असतात आणि बहुतेक वेळा तिथे कोणीही आलेलं नसतं, मी कितीदा एकटीच स्क्रीनसमोर बसलेली असते. तिथे जा. पण "मला ऑप्टिमायझेशन समजत नाहीये" असं म्हणून जाऊ नका, त्यावर मी परत तोच धडा सांगेन आणि तुम्ही परत मान हलवाल. तुम्ही सोडवलेल्या पानाचा फोटो घेऊन जा, चुकलेला, खाडाखोड केलेला, आणि विचारा की माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे. दहा मिनिटांत जे निघेल ते तीन व्हिडिओंत निघत नाही. शिक्षक मिळत नसेल तर कॉलेजचं ट्युटरिंग सेंटर, नाहीतर बॅचमधला एखादा जोडीदार, आठवड्यातून एकदा एकमेकांची पानं तपासायची. जोडीदार तुमच्यापेक्षा हुशार असायची गरज नाही.

चॅटबॉटबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण विचारणारच, म्हणून सांगते. त्याला गणित देऊन उत्तर मागितलं की तुम्ही परत मागच्या सीटवर. तुमचं लिहिलेलं उत्तर द्या, आणि "सोडवू नकोस, पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग" असं म्हणा. तो कधीकधी ठासून चुकीचंही सांगतो, तेव्हा आकडा घालून तपासून बघायची सवय ठेवा. वुल्फ्रॅम अल्फा ही गणितं सोडवणारी वेबसाइट उत्तर पडताळायला चांगली आहे. आणि डेस्मॉस या ऑनलाइन ग्राफिंग टूलवर आलेख काढून बघा, तो वरचा नफ्याचा सपाट माथा आलेखात एका नजरेत दिसतो, त्यावर माझा काही आक्षेप नाही, उलट रोज वापरा.

एककांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरच्या उदाहरणात मार्जिनल कॉस्ट येते २० + ०.२ एक्स, १०० नगांवर ४०. चाळीस काय? इथे बहुतेकांची उत्तरं थांबतात. चाळीस म्हणजे शंभराव्या नगाच्या पुढचा एक नग बनवायला साधारण ४० रुपये खर्च वाढतोय. पडताळायचं असेल तर १०१ नगांचा खर्च वजा १०० नगांचा खर्च काढा, ४०.१ येतो, म्हणजे डेरिव्हेटिव्ह जवळचा अंदाज देतंय. हे एकदा हाताने करून बघितलं की मार्जिनल हा प्रकार डोक्यात बसतो, परत पाठ करावा लागत नाही. इंटिग्रेशनलाही तेच, टाकीत पाणी मिनिटाला ३० − २ टी लिटर या वेगाने येतंय तर पहिल्या दहा मिनिटांत किती आलं, तर ३०० − १०० म्हणजे २०० लिटर, वेगाचं इंटिग्रल घेतलं की एकूण. प्रत्येक उत्तराखाली साध्या भाषेत एक वाक्य लिहायचं, एककासकट. अप्लाइड कोर्सच्या परीक्षेत या वाक्याला बऱ्याचदा वेगळे मार्क असतात आणि ते फुकटचे असतात.

परीक्षेची तांत्रिक बाजू भराभर सांगते. प्रॉक्टर्ड (कोणीतरी लक्ष ठेवून घेतलेली) परीक्षा आहे का, कॅमेरा लागतो का, ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर टाकायला परवानगी मिळते का (बऱ्याचदा नाही मिळत), कॅल्क्युलेटर कुठला चालतो, पानं स्कॅन करून पाठवायला वेगळा वेळ आहे की त्याच वेळेत, हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्या. आणि उत्तर टाइप करताना कंस घाला. १/२एक्स लिहिलं तर काही सॉफ्टवेअर ते अर्धा गुणिले एक्स समजतं, तुम्हाला १/(२एक्स) म्हणायचं असतं. ई चा घात −०.५टी लिहिताना अख्खा घात कंसात घातला नाही तर टी घातातून खाली येऊन बसतो. गणित बरोबर आणि मार्क शून्य, असले प्रकार यातच होतात.

राहिला वेळ, आठ की सोळा आठवडे. कोर्स दोन्हीकडे तेवढाच असतो, आठ आठवड्यांत काही कमी शिकवत नाहीत. बऱ्याच ठिकाणी साधा हिशोब असा धरतात की आठवड्याला तीन तास शिकवणं आणि त्याच्या दुप्पट स्वतःचं काम, म्हणजे नऊ तास. सोळा आठवड्यांचे झाले १४४. तेच आठमध्ये बसवायचे तर आठवड्याला १८ तास. पूर्णवेळ नोकरी करून रोज अडीच तासांच्या वर, शनिवार-रविवार धरून, दोन महिने, एकही आजारपण नाही, ऑफिसात एकही धावपळीचा आठवडा नाही. गणित ताजं असेल तर १४४ लागणार नाहीत, पण तुमचं आठ-नऊ वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा कमी धरू नका. आणि तासांपेक्षाही मला मुरायला मिळणाऱ्या दिवसांची काळजी वाटते. छोट्या बॅचमध्ये चेन रूल हाताला बसायच्या आधीच ऑप्टिमायझेशन येऊन उभं राहतं, आणि एक आठवडा चुकला म्हणजे कोर्सचा आठवा हिस्सा गेला.

म्हणून तुमच्या परिस्थितीत माझं मत: सोळा आठवड्यांची बॅच घ्या, ऑनलाइन चालेल, ती सहा गणितं आधी करून. आठ आठवड्यांचा विचार फक्त त्यांनी करावा ज्यांनी कॅल्क्युलस एकदा केलाय आणि क्रेडिटसाठी परत करतायत, किंवा ज्यांना त्या दोन महिन्यांत दुसरं काही नाही. आणि तुमचा स्वभाव असा असेल की कोणी समोर उभं राहिल्याशिवाय वही उघडली जात नाही (यात लाज वाटण्यासारखं काही नाही, भरपूर हुशार माणसं अशी असतात), तर संध्याकाळचा वर्ग मिळतोय का ते बघा. नाहीतर ठरलेल्या वेळेला लाइव्ह होणारी ऑनलाइन बॅच, तीत निदान कॅलेंडरवर वेळ अडवलेली असते. पूर्ण रेकॉर्डेड बॅच या स्वभावाच्या माणसाने घेऊ नये, एवढं मात्र मी ठामपणे म्हणेन.

एक शेवटची व्यावहारिक गोष्ट. कोर्स सोडायची शेवटची तारीख प्रत्येक कॉलेजची वेगळी असते, आणि कधीपर्यंत सोडला तर फी परत मिळते आणि कधीपर्यंत सोडला तर नुसता निकालपत्रावर कोर्स सोडल्याचा शिक्का येतो, याच्याही तारखा वेगळ्या असतात, त्या आत्ताच शोधून लिहून ठेवा. पहिली परीक्षा बहुतेक त्या दुसऱ्या तारखेच्या आधी होते. तिचा पेपर परत मिळाला की मार्कांचा आकडा बाजूला ठेवा आणि गेलेल्या प्रत्येक मार्काशेजारी लिहा, हा बीजगणितात गेला, कॅल्क्युलसमध्ये गेला, की प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेला. कॅल्क्युलसमध्ये आणि वाचण्यात गेलेले पुढच्या परीक्षेपर्यंत भरून काढता येतात, मी खूप जणांना काढताना बघितलंय. बीजगणितात निम्म्याहून जास्त गेले असतील तर सोडा आणि पुढच्या टर्मला तयारी करून परत या.